गायक चालला म्हणून बँड बंद करायचा का? (आयर्न मेडनची पहिली सात वर्षं)

पूर्वभाग_बेस :

मंडळी,

आमच्या बँडचा गायक पुढच्या महिन्यात पुण्याला चाललाय. हिंजवडीत नोकरी लागली. घरची परिस्थिती बघता त्यानं जायलाच पाहिजे, त्यात आमच्या कुणाचं दुमत नाही. त्याच्या आधी ड्रमर बंगळूरला गेला. उरलो तिघं : दोन गिटार आणि बेसवर मी. अक्कलकोट रोडला एका यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते. परवा तिथं विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एकानं सरळ सांगितलं, "बास की बे आता. नाव बंद करू. पोरं मिळाली तर पुढं नव्या नावानं बघू."

मला हे पटलेलं नाही. का पटलं नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढलाय. सोलापुरात मेटल (दणदणीत गिटारींचं रॉक संगीत) ऐकणारे थोडे, पण जे आहेत ते जीव लावून ऐकतात, आणि त्यातले बरेच जण इथं वाचतात.

उदाहरण घेतो आयर्न मेडन या इंग्लंडच्या मेटल बँडचं. आयर्न मेडन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन येतो. तो बँडमध्ये आला १९८१ साली. स्टीव्ह हॅरिसनं बँड काढला १९७५च्या नाताळात, पूर्व लंडनमधल्या लेटनमध्ये. मधली सहा वर्षं हा माणूस करत काय होता? माणसं गोळा करत होता आणि माणसं घालवत होता. पहिला गायक पॉल डे, स्टेजवर जोर नाही म्हणून गेला. दुसरा डेनिस विल्कॉक, तोंडातून खोटं रक्त काढणारा, नाटकी. त्याच्या ओळखीनं गिटारवाला डेव्ह मरी आला, तर आधीचे दोन्ही गिटारवाले निघून गेले. पुढं विल्कॉकशी बिनसलं म्हणून १९७७मध्ये खुद्द मरीलाच काढलं! मधे एक कीबोर्डवाला येऊन गेला. ड्रमर बदलले. १९७८मध्ये मरी परत आला आणि विल्कॉक गेला.

आता पुढचं नीट वाचा, कारण आमची अवस्था आज नेमकी तीच आहे. १९७८चा उन्हाळा आणि पुढचे काही महिने मेडनमध्ये होते फक्त तिघं. हॅरिस बेसवर, मरी गिटारवर, डग सॅम्पसन ड्रमवर. गायक नाही. तरी ते तिघं प्रॅक्टिस करत राहिले. गाणी घासत राहिले. नोव्हेंबरात लेटनस्टोनमधल्या एका पबमधल्या ओळखीतून पॉल डिआनो सापडला. वर्ष संपताना, ३० आणि ३१ डिसेंबरला, केंब्रिजच्या एका स्टुडिओत जाऊन त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. त्यातली तीन पुढच्या वर्षी स्वतःच्याच खर्चानं ५००० प्रतींची रेकॉर्ड काढून विकली आणि ती हातोहात संपली. त्याच टेपमुळे रॉड स्मॉलवूड मॅनेजर म्हणून मिळाला, तो आजतागायत आहे. १९७९ संपता संपता ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला.

गायक सापडल्यावर दोन महिन्यांच्या आत रेकॉर्डिंग कसं झालं? गाणी तयार होती म्हणून. गायक नसताना त्या तिघांनी ती मोडू दिली नाहीत. मला आमच्या पोरांना एवढंच दाखवायचंय.

आणखी एक गोष्ट अल्बम ओळीनं लावून बघितल्यावर ध्यानात येते. १९८०चा पहिला अल्बम : डिआनो, मरी, डेनिस स्ट्रॅटन, हॅरिस, क्लाइव्ह बर. १९८१चा दुसरा : स्ट्रॅटनच्या जागी एड्रियन स्मिथ. १९८२चा तिसरा : डिआनोच्या जागी डिकिन्सन. १९८३चा चौथा : बरच्या जागी निको मॅकब्रेन. चार अल्बम, दर वेळी नेमका एक माणूस बदललेला, बाकी चौघं तेच. पहिला अल्बम इंग्लंडच्या यादीत चौथ्या नंबरवर गेला, तिसरा पहिल्या. चढती कमान आहे, आणि ती अशी माणसं बदलत बदलत चढलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं : नाव बंद करायचं नाही. तिघांनी बसून गाणी चालू ठेवायची. तुम्हाला काय वाटतं?

सातरस्ता :

धागा काढलास ते बरं केलंस. अनुमोदन.

त्या वेळच्या लंडनमध्ये माणसं कशी फिरत होती ते बघण्यासारखं आहे. सॅमसन नावाचा दुसरा बँड होता. क्लाइव्ह बर आधी सॅमसनमध्ये ड्रम वाजवायचा. थंडरस्टिक नावानं मुखवटा घालून वाजवणारा ड्रमर थोडे दिवस मेडनमध्ये होता, तो पुढं सॅमसनमध्ये गेला. डिकिन्सन सॅमसनचा गायक. ऑगस्ट १९८१मध्ये रेडिंगच्या फेस्टिव्हलला सॅमसनबरोबर गायला आणि तिथून मेडननं त्याला उचलला. सॅमसनचा करार आडवा आला म्हणून १९८२च्या अल्बमवर गीतकार म्हणून डिकिन्सनचं नावसुद्धा देता आलं नाही. निको आला फ्रान्सच्या ट्रस्ट या बँडमधून, आणि बर मेडनमधून निघाल्यावर गेला कुठं, तर त्याच ट्रस्टमध्ये.

म्हणजे दहा-वीस पोरांचा एक घोळका होता आणि त्यातून चार-पाच बँड तयार झाले. सोलापूरची खरी अडचण ही आहे. इथं घोळकाच नाही. एक ड्रमर गेला की दुसरा शोधायला पुण्याकडं बघावं लागतं.

रेल्वेलाईन्स :

सातरस्ता, घोळका नाही असं नाही. विखुरलाय. नव्या पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात महिन्याला निदान एक तरी पोरगं इलेक्ट्रिक गिटार विचारत येतं. घेऊन जातं. पुढं ते कुणाबरोबर वाजवतं हे कुणालाच माहीत नसतं.

हिंजवडीतला_सोलापूरकर :

मी दुसरी बाजू मांडतो. मीही एकेकाळी सोलापुरातल्या बँडमध्ये होतो आणि पुण्याला आलो, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे.

मेडनची चढती कमान सगळे सांगतात. जे खाली उतरले त्यांचं कोण सांगणार? क्लाइव्ह बरचं उदाहरण घ्या. १९८२च्या दौऱ्यात त्याचे वडील वारले. तो घरी गेला. त्या काळात त्याच्या जागी निकोनं वाजवलं. बरनं पुढं मुलाखतीत सांगितलं की परत आलो तेव्हा माझी जागा गेलेली होती. बँडची बाजू वेगळी आहे, दौऱ्यातलं त्याचं वागणं आणि तब्येत याबद्दल ते बोलतात. खरं-खोटं आपण इथून ठरवू शकत नाही. पण पहिले तीन अल्बम ज्याच्या हातांवर उभे आहेत तो माणूस बँड शिखरावर पोचला त्याच वर्षी बाहेर पडला, एवढं तर खरं आहे ना?

पुढं त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. ज्या हातांवर सगळं होतं तेच हात गेले. मार्च २००२मध्ये मेडननं लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत सलग तीन रात्री कार्यक्रम करून त्याच्या उपचारांसाठी पैसा उभा केला. तो मार्च २०१३मध्ये गेला. त्या तीन रात्रींबद्दल मला हॅरिस आणि मंडळींचा मनापासून आदर आहे. वीस वर्षांनी का होईना, आपला माणूस म्हणून उभे राहिले.

पूर्वभाग_बेस, तू नाव चालू ठेव, गाणी चालू ठेव, माझा पाठिंबा आहे. फक्त जो चाललाय त्याला पोस्टरवरून पुसू नका.

ड्रम_आणि_हलगी :

बर आणि निको दोघांचं वाजवून बघितलंय म्हणून लिहिते. (मी मुलगी आहे, ड्रम वाजवते, जुळे सोलापूरला राहते. घरात हलगी आधी आली, ड्रम नंतर.)

बरचा हात सुटा आहे. स्नेअरवरचे (समोरच्या खणखणीत ड्रमवरचे) त्याचे रोल घाईघाईनं उसळून येतात आणि नेमके समेवर पडतात. १९८२च्या अल्बममधल्या त्या गाजलेल्या सिंगलची सुरुवात नुसत्या ड्रमनं होते. ते वाजवायला बसलं की समजतं की त्यात दम ताकदीचा नाही, थांबण्याचा आहे. दोन ठोक्यांच्या मधे तो जी जागा सोडतो त्या जागेनं गाणं पळतं. मी ते आधी नुसतं जोरात वाजवत होते आणि गाणं जड व्हायचं.

निको वेगळाच. १९८३च्या अल्बमचं पहिलं गाणं लावा. सुरुवातीला पायानं पेडल दाबून वाजवायच्या बास ड्रमवर जे सलग तुकडे पडतात ते ऐकून वाटतं की दोन पेडल आहेत. नाहीत. एकच पाय. निको मेडनमध्ये जवळजवळ सगळं एकाच पेडलवर वाजवत आला आणि त्याला त्याचा अभिमान होता. टाच वर, पंजा सैल, घोट्यातून झटका. पोटरी अशी भरून येते की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं.

मुद्दा असा, की निको आला तेव्हा हॅरिसची गाणीही बदलली. १९८३-८४ची गाणी लांब झाली, वळणं वाढली. नव्या माणसाला जुन्या माणसाच्या जागेत कोंबलं नाही, त्याच्यासाठी जागा मोठी केली. जानेवारी २०२३मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. त्यातून उठून त्याच वर्षी दौऱ्यावर वाजवलं, सत्तरी ओलांडल्यावर. ७ डिसेंबर २०२४ला साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम करून त्यानं दौरे थांबवले. आता सायमन डॉसन वाजवतो. तो हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमधला, ब्रिटिश लायनमधला. म्हणजे हॅरिसनं या वेळेलाही ओळखीचा हात घेतला.

चाटीगल्ली :

माझा टी-शर्ट छपाईचा धंदा आहे, म्हणून मला जे दिसतं ते सांगतो.

कॉलेजची पोरं येतात, मेडनचा शर्ट छापून मागतात. त्यातल्या निम्म्यांना गायकाचं नाव सांगता येत नाही. पण कव्हरवरचा एडी सगळ्यांना माहीत! तो सांगाडा, ते डोळे. गंमत म्हणून नाही, गांभीर्यानं सांगतोय, मेडन इतक्या बदलांतून टिकला त्यात एडीचा वाटा फार मोठा आहे. आधी तो स्टेजच्या मागं लावलेला नुसता मुखवटा होता, तोंडातून खोटं रक्त यायचं. मग डेरेक रिग्जच्या चित्रातून पहिल्या अल्बमच्या कव्हरवर आला आणि तिथून पुढं प्रत्येक कव्हरवर तोच. डिआनो गेला तरी कव्हरवरचा चेहरा बदलला नाही. डिकिन्सन गेला, परत आला, चेहरा तोच.

दुसऱ्या बँडांत गायक म्हणजेच चेहरा असतो. तो गेला की लोकांना दुकान बदलल्यासारखं वाटतं. इथं तसं झालं नाही. पूर्वभाग_बेस, तुमच्या बँडचं चिन्ह काय आहे? तुमचा एक फ्लेक्स मी बघितलाय, त्यावर गायकाचाच फोटो मोठा होता.

विजापूरवेस :

मी वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा. मेटल मुलामुळे ऐकायला लागलो. तरुणपणी गणपतीत आणि लग्नात बेंजो पार्टीत वाजवायचो.

तुमची चर्चा वाचून वाटलं, ही तर आमच्या बेंजो पार्टीचीच गोष्ट आहे. पार्टीचं नाव मालकाचं, गाडी मालकाची, स्पीकर मालकाचे. वाजवणारे दर मोसमात बदलायचे. या गणपतीत माझ्या शेजारी असलेला पॅडवाला पुढच्या गणपतीत समोरच्या मंडळापुढं आमच्याविरुद्ध वाजवत असायचा. तरी लोक पार्टीच्या नावानं सुपारी द्यायचे, कारण कुठलं गाणं कुठं वळवायचं, कुठं ठेका टाकायचा, हे मालकाच्या डोक्यात पक्कं असायचं. नवा माणूस आला की पहिले चार दिवस त्याला मागं बसवून नुसतं ऐकायला लावायचा.

म्हणून मला एक प्रश्न विचारायचाय. हॅरिस मालक होता. तुमच्यात मालक कोण आहे? सगळे मित्र आहात हे ठीक. पण गाणं असंच वाजणार हे शेवटी कुणी सांगायचं? ते ठरल्याशिवाय नाव टिकवून फार उपयोग नाही. मी पार्ट्या फुटताना बघितल्यात. माणूस गेला म्हणून एकही फुटली नाही. कुणाचं ऐकायचं यावरून फुटल्या.

पूर्वभाग_बेस :

काका, हा प्रश्न आम्ही टाळत आलोय हे खरं. बहुतेक गाणी मी बांधलीत, चाली गिटारवाल्यांच्या, शब्द गायकाचे. हॅरिसची बेसची पद्धत मी मन लावून शिकलोय : पिक नाही, बोटांनी, जाड सपाट तारा, एक लांब आणि दोन आखूड असा पळता ठेका, तार फ्रेटवर आपटून खणखण आवाज येईल इतक्या जोरात. त्यानं बेसला मागं बसवलं नाही, गाणंच बेसवरून लिहिलं. म्हणून गायक कुणीही आला तरी गाण्याचा कणा हलला नाही. आमची गाणीही तशीच बांधलेली आहेत. पण "मी सांगतो ते ऐका" हे मित्रांना म्हणणं मला जड जातं.

चाटीगल्ली, फ्लेक्सचं बरोबर आहे. चिन्ह नाही आमच्याकडं.

अशोकचौक_मेटल :

सगळे बोलताहेत, पण ब्लेझ बेलीचं नाव कुणी काढलं नाही. मग मी काढतो, कारण गायक बदलताना चुकतं कुठं हे तिथंच दिसतं.

डिकिन्सन १९९३मध्ये गेला. १९९४मध्ये वुल्फ्सबेन या बँडचा गायक ब्लेझ आला. दोन अल्बम, १९९५ आणि १९९८. इंग्लंडच्या यादीत पहिला आठव्या नंबरवर थांबला, दुसरा सोळाव्यावर. १९९२चा डिकिन्सनवाला अल्बम पहिला आला होता, म्हणजे घसरण डोळ्यांत भरणारी होती. सगळ्यांनी खापर ब्लेझच्या डोक्यावर फोडलं.

माझं मत स्पष्ट आहे : ब्लेझवर अन्याय झाला. पट्टीचं बघा. आपल्याकडं गायक बदलला की पेटीवाला सगळ्यात आधी विचारतो, तुमची पट्टी कुठली? काळी पाचचा गळा असलेल्या माणसाच्या जागी पांढरी एकचा गळा आला तर गाणं खाली घेतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ब्लेझचा गळा खर्जाचा, दणकट. डिकिन्सनचा गळा तारसप्तकात हिंडणारा. आणि ब्लेझला दौऱ्यात डिकिन्सनची गाणी त्याच उंचीवर गायला लावली. रात्रीमागून रात्र. गळा बसला, कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि लोक म्हणाले, याला गाता येत नाही. एवढा मोठा बँड, एवढा अनुभवी मॅनेजर, आणि पेटीवाला पहिल्या दिवशी विचारतो तो प्रश्न कुणी विचारला नाही!

ज्या गाण्यांत ब्लेझच्या गळ्याला शोभेल असं लिहिलं गेलं, ती गाणी आजही उभी आहेत. त्या दोन अल्बमांतली दोन मोठी गाणी डिकिन्सन परत आल्यावर स्वतः स्टेजवर गायला, लाखोंपुढं गायला. हा ब्लेझचा विजयच आहे.

म्हणून तुमच्याकडं नवा गायक किंवा गायिका आली तर आधी पट्टी विचारा. जुन्याची नक्कल करायला लावू नका.

सातरस्ता :

अशोकचौक, पूर्ण सहमत नाही. पट्टी बदलली असती तरी १९९८चा अल्बम कच्चाच राहिला असता. गाणीच लांबवलेली आहेत, तीच ओळ पुन्हा पुन्हा. त्याला गायक जबाबदार नाही हे मान्य, पण म्हणजे हॅरिस जबाबदार आहे. मालक एकटा राहिला, समोर "नाही" म्हणणारं कुणी उरलं नाही की असं होतं. एड्रियन स्मिथ १९९०मध्ये गेला तेव्हाच ते सुरू झालं. स्मिथच्या गाण्यांत एक मोजकेपणा होता, तो हॅरिसला आवरायचा. त्याच्या जागी यानिक गर्स आला, तो भला माणूस, स्टेजवर जीव ओततो, पण तो आवरणारा नाही.

१९९९मध्ये नुसता डिकिन्सन परत आला असता तर निम्मंच काम झालं असतं. बरोबर स्मिथ आला आणि गर्सलाही काढलं नाही. तीन गिटार! तोपर्यंत दर वेळी एकाच्या जागी एक असं चाललेलं. या वेळी पहिल्यांदा कुणा गिटारवाल्याला न काढता माणूस वाढवला. आणि तोच संच २०२४पर्यंत, पंचवीस वर्षं टिकला. पूर्वभाग_बेसनं वर फक्त पहिली सात वर्षं घेतली, मला ही नंतरची पंचवीस जास्त महत्त्वाची वाटतात.

उद्यान_एक्स्प्रेस :

त्या तीन गिटारा मी समोर उभं राहून ऐकल्यात, म्हणून लिहितो.

१७ मार्च २००७, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. मेडन भारतात पहिल्यांदा आला तो दिवस. सोलापूरहून दुपारनंतर उद्यान एक्स्प्रेसला बसलो आम्ही काही जण, जनरलच्या डब्यात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून. सकाळी बंगळूर. आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजवून गेला, हॅरिसची मुलगी लॉरेनही गाऊन गेली. मग मेडन. तीन गिटारवाले एका रांगेत येतात आणि एकच धून तीन वेगळ्या उंचीवरून वाजवतात तेव्हा छातीत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मरी हसत हसत वाजवतो. स्मिथ बोटांकडं बघतो. गर्स गिटार हवेत फिरवतो. तिघं तीन स्वभावांचे. रेकॉर्डवर हे वेगळं कळत नाही.

पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलात. या वेळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. त्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती आणि बँडचं विमान डिकिन्सन स्वतः चालवत होता. तो दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता. त्यातलं बँडच्याच नावाचं गाणं डिआनोच्या काळातलं, आणि माझ्या आजूबाजूला उभी असलेली पोरं ते डिकिन्सनचंच समजून शब्दन् शब्द म्हणत होती.

डिआनो ऑक्टोबर २०२४मध्ये गेला. शेवटची वर्षं व्हीलचेअरवर बसून गायला. तो गेला त्या रात्री पहिले दोन अल्बम लावून बसलो होतो. तो खरखरीत, रस्त्यावरचा आवाज नसता तर या बँडला सुरुवातीला कुणी उभंच केलं नसतं. डिकिन्सन कितीही थोर असो, ती सुरुवातीची वर्षं डिआनोची आहेत.

रेल्वेलाईन्स :

डिआनोबद्दल अगदी मनातलं लिहिलंत.

आपल्याकडचंही एक उदाहरण देतो. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन, २०००पासूनचा बँड. किती जण आले न् गेले, सुरुवातीपासूनचा म्हणून एकटा साहिल मखिजा राहिला. मुंबईत घोळका असूनही हीच कथा. म्हणजे हे सोलापूरच्या नशिबाचं नाही, ज्याला पगार नाही अशा प्रत्येक बँडचं आहे.

आता_जाणारा :

मीच तो गायक. धागा मित्रानं पाठवला, सगळा वाचून काढला.

नाव बंद करू नका. हे मी प्रॅक्टिसच्या खोलीत बोलायला पाहिजे होतं, पण त्या दिवशी माझ्या जाण्यावरूनच विषय चालू असल्यानं मला बोलणं प्रशस्त वाटलं नाही. शब्द माझे आहेत ती गाणी नव्या माणसानं गावीत. खाली माझं नाव गीतकार म्हणून राहू द्या, एवढंच. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेवरचं गाणं मी माझ्या गळ्याला धरून वरच्या पट्टीत बांधलं होतं, ते शोभेल तिथं आणा. दुसऱ्या कडव्यात "नंदीध्वज" वर जी लांब तान आहे तिथं श्वास तुटतो, माझाही तुटायचा. तिथं दोन ओळींच्या मधे गिटारला चार मात्रा द्या.

आणि अशोकचौक, ब्लेझबद्दल आभार. मला त्याचे दोन्ही अल्बम आवडतात.

विजापूरवेस :

शाबास. असं बोलणारा माणूस सहसा मिळत नाही.

पूर्वभाग_बेस :

बोललो आम्ही तिघं काल. नाव राहतंय. शेवटचा शब्द माझा राहील असं बाकीच्या दोघांनीच सांगितलं, त्यात एकानं अट घातली की चालीच्या बाबतीत तो नाही म्हणाला तर तिथं थांबायचं. सातरस्तानं स्मिथबद्दल लिहिलेलं त्यानं वाचलंय बहुतेक. गायक मिळेपर्यंत पाच गाणी गायकाशिवाय पूर्ण बसवायची. चाटीगल्ली, चिन्हाचं तुमच्याकडं येऊन बोलतो, कुणी चित्र काढणारं ओळखीचं असेल तर सांगा.

ड्रम_आणि_हलगी, तुम्ही सध्या कुणाबरोबर वाजवता का? नसाल तर एकदा येऊन बघा. ड्रमचा संच खोलीतच आहे, जुना आहे पण कातडी नवीन टाकलीत. रविवारी माग बंद असतात, सकाळी दहापासून मोकळी आहे खोली.

ड्रम_आणि_हलगी :

कुणाबरोबर नाही, घरीच वाजवते. रविवारी येते, भाऊ सोबत असेल. पाच गाण्यांची रेकॉर्डिंगं आधी पाठवा, मोबाइलवरची चालतील, फक्त बेस ऐकू आला पाहिजे. आणि गड्ड्याच्या गाण्यात जुन्या ड्रमरनं काय वाजवलंय ते नका पाठवू, आधी माझं माझं बसवून बघते.